जोडतबकड्या आणि माहितीची राखण

शहरातील एखादा व्यापारी आपल्या दुकानाचे संकेतस्थळ उघडतो, एखादे वाचनालय आपली ग्रंथसूची लोकांसाठी खुली करते, एखादी शाळा आपले निकाल तेथे लावते. पाहणाराला ते सारे हातातील पडद्यावर दिसते. त्यामुळे ते कोठेतरी अंतराळात तरंगत असावे, असा पुष्कळांचा समज असतो. त्यातच या व्यवस्थेला ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असे नाव पडल्याने तो समज अधिकच दृढ झाला आहे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. संकेतस्थळावरील प्रत्येक अक्षर, प्रत्येक चित्र आणि गिऱ्हाइकाने नोंदविलेली प्रत्येक मागणी ही कोणत्या तरी गावी, कोणत्या तरी इमारतीत, मांडणीवर ठेवलेल्या सर्व्हर नावाच्या यंत्रात, एका नाशवंत वस्तूवर लिहिलेली असते. हे यंत्र व त्यातील जागा भाड्याने देण्याच्या धंद्याला वेब होस्टिंग म्हणतात. आपला माल दुसऱ्याच्या वखारीत ठेवावा, तसाच हा व्यवहार होय. वखारीचे छप्पर गळते की काय, हे माल ठेवण्यापूर्वी पाहण्याची रीत आहे. येथे मात्र भाड्याच्या दरापलीकडे फारसे कोणी पाहत नाही. वखारवाला ‘आमच्या यंत्रांना रेडचे संरक्षण आहे’ असे सांगतो आणि ऐकणारा निश्चिंत होतो. ही रेड म्हणजे काय, ती कशापासून वाचविते आणि कशापासून वाचवीत नाही, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

ज्या वस्तूवर ही माहिती लिहितात ती डिस्क, म्हणजे तबकडी. ग्रामोफोनची तबकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की, येथे खाचांच्या ऐवजी चुंबकीय लेप असतो, आणि सुईच्या ऐवजी पृष्ठभागाला स्पर्श न करता त्याच्या अगदी निकट तरंगणारे एक शीर्ष असते. अशा एक वा अनेक तबकड्या एका बंद पेटीत बसविलेल्या असतात; सोयीसाठी त्या पेटीलाच येथे तबकडी म्हटले आहे. १९५६ साली आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र पुढे आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहील अशा एका पेटीत त्याच्या लक्षावधी पट मजकूर मावतो. परंतु जे फिरते ते झिजते, हा नियम काही बदललेला नाही. सर्व्हरमधील पुष्कळशा तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेत वर्षानुवर्षे अहोरात्र फिरत असतात. त्यांची मोटर थकते, शीर्ष पृष्ठभागावर आदळते, लेपाचा एखादा ठिपका निकामी होतो. अलीकडे एसएसडी नावाची, काहीही न फिरणारी साठवण निघाली आहे. परंतु तिच्या पेशींवरही ठरावीक मर्यादेपर्यंतच पुनर्लेखन करता येते. तेव्हा आज चालणारी प्रत्येक तबकडी एके दिवशी जाणार आहे, हे गृहीत धरूनच पुढील व्यवस्था करावी लागते.

या व्यवस्थेचा पद्धतशीर विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघा संशोधकांनी केला. त्यांचा निबंध १९८८ साली शिकागो येथील एका परिषदेत मांडला गेला. त्या काळी मोठ्या संगणकांना एकेक प्रचंड व महाग तबकडी जोडीत. घरगुती संगणकांसाठी मात्र लहान व स्वस्त तबकड्या निघू लागल्या होत्या. एका महागड्या तबकडीच्या जागी अशा अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जुंपाव्यात, म्हणजे काम वाटले जाऊन वेग वाढेल आणि खर्चही आटोक्यात राहील, अशी त्यांची सूचना होती. परंतु तीत एक मोठी अडचण होती आणि ती त्यांनी स्वतःच आकड्यांनी दाखवून दिली. त्या लहान तबकडीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे, धरले जाई. एकटीच असेल तर हे आयुष्य बरे म्हणावे. पण अशा १०० तबकड्या एकत्र जोडल्या, तर त्यांपैकी कोणती तरी एक बिघडण्याची सरासरी मुदत ३०,००० भागिले १००, म्हणजे अवघे ३०० तास होते. याचा अर्थ, दर पंधरवड्याच्या आत एक तबकडी जाणार. आणि मजकूर सर्वांवर विभागलेला असल्यामुळे एक गेली की सगळ्यांवरचा मजकूर निरुपयोगी होणार! संख्या वाढविल्याने बळ वाढावे, तर येथे दुबळेपणाच वाढत होता.

यावर त्यांनी सांगितलेला उपाय एका शब्दात सांगावयाचा तर ‘जादा’ हा होय. मजकुराला जेवढी जागा हवी तेवढीच न घेता थोडी जादा घ्यावी, आणि त्या जादा जागेत अशी काही नोंद ठेवावी की गेलेल्या तबकडीवरील मजकूर उरलेल्यांच्या साहाय्याने पुन्हा उभा करता येईल. ‘रिडंडंट ॲरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’, म्हणजे स्वस्त तबकड्यांचे जादा राखून केलेले संच, असे त्यांनी त्या योजनेस नाव दिले. त्याच्या आद्याक्षरांचा ‘रेड’ हा शब्द झाला. पुढे धंद्यातील मंडळींनी ‘स्वस्त’ हा शब्द वगळून त्याच्या जागी ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द घातला. आपला माल स्वस्त आहे असे नावातच सांगणे विक्रेत्याला रुचले नसल्यास नवल नाही.

मूळ निबंधात या उपायाच्या पाच पायऱ्या वर्णिलेल्या आहेत. त्यांतील पहिली सर्वांत सोपी आणि त्या निबंधाच्या आधीपासून व्यवहारात असलेली. एकच मजकूर एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहावयाचा. हिला आरसापद्धती म्हणता येईल. एक बंद पडली तर दुसरी काम चालू ठेवते आणि संकेतस्थळ पाहणाराला काही घडल्याचे कळतही नाही. दोष एवढाच की, दोन तबकड्यांचे मोल देऊन एकीचीच जागा हाती येते.

पाचवी पायरी अधिक काटकसरीची, आणि तिच्यातील युक्ती प्राथमिक शाळेतील अंकगणिताची आहे. विद्यार्थी हिशेब केल्यावर त्याचा ताळा पाहतो; ही पद्धतीही ताळ्यावरच उभी आहे. समजा, चार तबकड्या आहेत. पहिलीवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर ९ हे अंक लिहिले, आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. आता दुसरी तबकडी बिघडली. तिच्यावर कोणता अंक होता, हे कोणास विचारावयास नको. २१ मधून ७ आणि ९ वजा करावेत. बाकी ५ उरते. हाच गेलेला अंक. बेरीज लिहिलेली तबकडीच गेली, तर उरलेल्या तिघींची बेरीज पुन्हा करावी. प्रत्यक्षात संगणकाला शून्य आणि एक हे दोनच अंक ठाऊक असल्याने तो बेरजेऐवजी एकांची संख्या सम आहे की विषम, एवढेच नोंदवितो. तीन तबकड्यांवर अनुक्रमे १, ० आणि १ असेल, तर एकांची संख्या दोन, म्हणजे सम. म्हणून ताळ्याच्या जागी शून्य. तिसरी तबकडी नाहीशी झाली, तर समतोल राखण्यासाठी तिच्यावर १ असलाच पाहिजे, हे उघड आहे. या ताळ्याला इंग्रजी भाषेतून आलेला ‘पॅरिटी’ हा शब्द रूढ आहे. सर्व ताळे एकाच तबकडीवर ठेवले तर प्रत्येक लेखनाच्या वेळी तिच्यावरच भार पडतो. म्हणून पाचव्या पायरीत ते सर्व तबकड्यांवर आळीपाळीने वाटून देतात. अशा रीतीने चार तबकड्यांपैकी तिघींची जागा मजकुराला मिळते आणि एक बिघडली तरी हानी होत नाही.

पुढे या मांडणीत आणखी भर पडली. सहाव्या प्रकारात दोन निरनिराळ्या रीतींनी काढलेले ताळे ठेवतात. त्यामुळे एकाच वेळी दोन तबकड्या गेल्या तरी मजकूर सुटतो. दहावा म्हणून ओळखला जाणारा प्रकार आरशांच्या जोड्या करून त्यांवर मजकूर वाटतो. तो खर्चिक, पण वेगवान आहे. याशिवाय ‘रेड शून्य’ नावाचाही एक प्रकार बाजारात आहे. त्यात मजकूर वेगासाठी केवळ वाटलेला असतो, जादा असे काहीच नसते. एक तबकडी गेली की सर्वनाश. त्याच्या नावातील शून्य हे त्यातील संरक्षणाचे माप समजावे. तेव्हा ‘रेड आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कितवी आहे, हेही विचारावयास हवे.

तबकडी बिघडल्यानंतर काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. चांगल्या सर्व्हरमध्ये यंत्र चालू असतानाच बिघडलेली पेटी उपसून नवी बसविता येते. काही ठिकाणी तर एक राखीव तबकडी आधीच बसवून ठेवलेली असते. मग उरलेल्या तबकड्या अथपासून इतिपर्यंत वाचून, प्रत्येक ताळ्यावरून गेलेला मजकूर नव्या तबकडीवर उतरविला जातो. हे पुनर्लेखन पुरे होईपर्यंतचा काळ मात्र धोक्याचा. १९८८ च्या निबंधातील लहान तबकडीवर १०० मेगाबाइट मजकूर मावे. आज २० टेराबाइटची, म्हणजे तिच्या दोन लक्ष पटींची तबकडी बाजारात मिळते. सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने एकसारखे लिहीत गेले तरी ती भरण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. आणि संकेतस्थळाचे नित्याचे कामही त्याच वेळी चालू असल्यामुळे प्रत्यक्षात तो याहून बराच वाढतो. पाचव्या प्रकारात एवढा वेळ सारा संच बिनआधाराचा असतो. त्या अवधीत दुसरी तबकडी गेली, किंवा वाचताना एखादा ठिपका निकामी निघाला, तर तेथील मजकूर ताळ्यावरूनही काढता येत नाही. म्हणूनच मोठ्या तबकड्यांसाठी सहावा किंवा दहावा प्रकार पसंत करतात. आणि जाणते व्यवस्थापक सर्व तबकड्या ठरावीक मुदतीने पूर्ण वाचून त्यांतील मूक दोष वेळीच हुडकून काढतात.

दुसरी तबकडी इतक्यात कशाला जाईल, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर २००७ साली मिळाले. बियांका श्रोडर आणि पूर्वोक्त तिघांपैकीच गार्थ गिब्सन यांनी, कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना, सुमारे एक लक्ष तबकड्यांच्या नोंदी तपासल्या. कारखानदारांच्या पत्रकांप्रमाणे त्या तबकड्यांचे सरासरी आयुष्य १० ते १५ लाख तास होते. त्या हिशेबाने वर्षाला शेकडा ०·८८ हून अधिक तबकड्या बदलाव्या लागू नयेत. प्रत्यक्षात शेकडा २ ते ४ हे प्रमाण सर्रास आढळले आणि क्वचित ते १३ पर्यंत गेलेले दिसले. शिवाय, बिघाड हे एकमेकांपासून अगदी अलिप्त नसतात, असेही त्या नोंदींवरून दिसून आले. यात आश्चर्य ते काय? एकाच यंत्रातील तबकड्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच उष्णतेत आणि एकाच विजेवर चालणाऱ्या असतात. एकीवर जे संकट आले, ते तिच्या शेजारणीलाही चुकेलच असे नाही.

येथवर रेडची थोरवी आणि तिच्या अंगच्या उणिवा झाल्या. परंतु सर्वांत मोठी मर्यादा तिच्या स्वभावातच आहे. रेड ही अत्यंत आज्ञाधारक असते. आलेली आज्ञा शहाणपणाची की वेडेपणाची, हे ती पाहत नाही. ‘हा मजकूर लिही’ म्हटले की ती दोन्ही तबकड्यांवर लिहिते. ‘हा मजकूर पूस’ म्हटले की तितक्याच तत्परतेने दोन्हींवरून पुसते. आरशासमोर उभे राहून कपाळावरचे कुंकू पुसले, तर आरशातील कुंकू कसे शिल्लक राहील?

या मर्यादेची किंमत ‘जर्नलस्पेस’ नावाच्या अमेरिकन संकेतस्थळाला द्यावी लागली. सामान्य माणसांनी तेथे आपली दैनंदिनी लिहावी, अशी त्याची योजना होती, आणि ते सुमारे सहा वर्षे चाललेले होते. त्याचा सर्व मजकूर एका सर्व्हरमधील दोन तबकड्यांवर आरसापद्धतीने ठेवलेला होता, आणि त्या आरशालाच चालक बॅकअप समजून होते. डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही तबकड्यांवरील मजकुरावर दुसरेच काही लिहिले गेले. तबकड्या धडधाकट होत्या. त्यांच्यात कसलाही बिघाड नव्हता. त्या दुरुस्तीतज्ज्ञांकडे पाठविल्या, पण त्यांनाही काही परत मिळविता आले नाही. जानेवारी २००९ च्या आरंभी संकेतस्थळ बंद झाल्याचे चालकांनी जाहीर केले. असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेला आपल्या आयुष्याचा मजकूर एका आज्ञेसरशी नाहीसा झाला, आणि दुसरी तबकडी पहिलीच्या शेजारी निमूटपणे तेच करीत राहिली. शत्रूचा हात, चाकराची चूक किंवा मजकूर कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या लुटारूंचा प्रवेश, यांपैकी कशालाही रेड अडवू शकत नाही.

या दुसऱ्या संकटावरील उपाय निराळा आहे. मजकुराची प्रत काढून ती चालू यंत्रापासून वेगळी करावी, आणि काल, परवा, गेल्या आठवड्यात, गेल्या महिन्यात मजकूर कसा होता, अशा तिथीवार प्रती राखाव्यात. खरा बॅकअप तो हाच. मात्र प्रत काढली जाते, एवढ्यावर विसंबू नये. ती उघडते की नाही, हेही पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या प्रसिद्ध संस्थेत रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करीत बसलेल्या एका तंत्रज्ञाने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी अवघे साडेचार शिल्लक होते. प्रती राखण्याच्या एक नव्हे, तर अनेक योजना संस्थेत होत्या. परंतु पाहू लागल्यावर त्यांतील एकही वेळेला धड उपयोगी पडेना. शेवटी एका तंत्रज्ञाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. संस्थेने हा सारा प्रकार न लपविता प्रसिद्ध केला, हे तिला भूषणावहच आहे.

तिसरे संकट जागेचे. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या पाच मजली इमारतीला आग लागली. ती इमारत भस्मसात झाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण लक्षावधी संकेतस्थळे त्या दिवशी बंद पडली. ज्या तबकड्या जळाल्या त्यांना रेडचे संरक्षण नव्हते असे नाही; पण एका पेटीतील आरसा काय आणि ताळा काय, एकाच ज्वाळेत सापडले. त्याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. एका फ्रेंच गिऱ्हाइकाने बॅकअपसाठी वेगळे शुल्क भरले होते, आणि ती प्रत मूळ यंत्रापासून अलग ठेवली जाईल, असे करारात लिहिले होते. आगीनंतर असे आढळले की, मूळ आणि प्रत दोन्ही एकाच इमारतीत होती. २०२३ साली तेथील न्यायालयाने कंपनीला एक लक्ष युरोहून अधिक भरपाई देण्याचा हुकूम केला. पैसे मिळाले, जळालेला मजकूर परत मिळाला नाही.

‘जादा राखावे आणि दूर राखावे’ ही शिकवण आपल्या देशास नवी नाही. कागदावाचून वेद राखणाऱ्या वैदिकांनी एकाच मंत्राचे पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ सिद्ध केले. तीच पदे पुढून मागे, मागून पुढे, पुन्हा पुन्हा म्हटल्याने एका पाठातील चूक दुसऱ्यावरून उघडकीस येई. हा ताळाच होय. आणि काशी, नाशिक, गोकर्ण अशा दूरदूरच्या क्षेत्रांत तेच पाठ चालत असल्याने एका गावावर संकट आले तरी मंत्र लुप्त होत नसे. नवी मुंबईत आज होस्टिंगची मोठमोठी केंद्रे उभी आहेत. तेथे आपले संकेतस्थळ ठेवणाऱ्याने २६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मूळ मुंबईच्या परिसरात असेल, तर प्रत चेन्नईस किंवा हैदराबादेस असावी. दोन्ही एकाच पाण्यात भिजतील इतकी जवळ नसावीत.

तेव्हा भाडेकरूने वखारवाल्याला विचारावयाचे प्रश्न चार आहेत. तबकड्यांची जुळणी कोणत्या प्रकारची, आणि एकाच वेळी किती गेल्या तरी चालतील? पुसलेला मजकूर किती दिवस मागे जाऊन परत मिळेल? प्रत कोणत्या गावी, कोणत्या इमारतीत असते? आणि ती उघडून शेवटची केव्हा पाहिली? पहिल्याचे उत्तर पत्रकात छापलेले असते. उरलेल्या तिहींची उत्तरे लेखी मागून घ्यावीत आणि ती समाधानकारक नसतील तर एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवावी. एका लहान संकेतस्थळाचा सारा मजकूर बोटाएवढ्या साधनात सहज मावतो. महिन्याकाठी त्यासाठी अर्धा तास पुरतो. दुकानाची वही रात्री बंद करण्यापूर्वी जो गृहस्थ दिवसाची बाकी जुळवून पाहतो, त्याला एवढे श्रम जड वाटण्याचे कारण नाही.